सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं की पॅथॉलॉजी लॅबच नशिबी येते का?

नमस्कार,

तुमच्या मुलीला सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी करायची आहे आणि तिचा ओढा पिकांकडे, वनस्पतिजन्य अन्नाकडे आहे. तुम्हाला वाटतं, मग सरळ कृषी किंवा अन्न तंत्रज्ञान घ्यावं, नाहीतर ती आयुष्यभर लॅबमध्ये नमुने तपासत बसेल. शिवाय शेती की अन्न, हे आत्ताच ठरवावं, असं तुम्ही लिहिलं आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. तिला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊ द्या. शेती की अन्न, हा प्रश्न पदवी होईपर्यंत खुला ठेवा, कारण पाया एकच आहे.

सोयाबीनचं वाढीला लागलेलं रोप हलक्या हाताने उपटून मुळावरची एखादी गाठ तिला नखाने फोडायला सांगा. आत गुलाबी-लाल दिसलं, तर तिथले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करताहेत. पांढरं किंवा हिरवट दिसलं, तर काम सुरू झालेलं नाही किंवा थांबलं आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. नत्र स्थिर करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. तो बेताबेताने पुरवायचं काम हे प्रथिन करतं. कारखान्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीत तेच मातीच्या तापमानाला घडतं! आणि सोयाबीनचंच हे प्रथिन आता पिकिया नावाच्या यीस्टकडून किण्वनाच्या, म्हणजे आंबवण्याच्या, टाक्यांत बनवून घेऊन वनस्पतिजन्य 'मांसा'त घालतात, खऱ्या मांसाचा रंग आणि चव यावी म्हणून. गाठीचा अभ्यास करणारी मुलगी अन्न कंपनीत पोहोचते ती अशी.

फरक आहे तो कामाच्या स्वभावात, आणि मुलांना तो कोणी सांगत नाही. रायझोबियमचं जिवाणूखत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बाजारात आहे, तरी लॅबमध्ये उत्तम ठरलेला जिवाणूंचा वाण शेतात अजूनही दगा देतो. मातीतले मूळचे जिवाणू त्याला गाठींत शिरू देत नाहीत, उन्हाने पाकिटातच बरेच मरतात, माती आम्ल असली तर आणखी अडचण. जिवंत राहणारा वाण शोधणं, तो टिकवणारं माध्यम तयार करणं, पाकिटातले जिवंत जिवाणू मोजणं, ही सगळी नोकरीची कामं आहेत. पण एक प्रयोग म्हणजे एक हंगाम. तेवढा धीर लागतो.

अन्नाच्या बाजूला सोयाबीनवर रायझोपस बुरशी वाढवून टेम्पे नावाची घट्ट वडी करतात, फ्युझेरियम बुरशीपासून मायकोप्रोटीन, म्हणजे बुरशीचंच प्रथिनयुक्त अन्न. ब१२ जीवनसत्त्व तर निसर्गात जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे वेगळे एकपेशी जीव) हेच बनवतात, त्यामुळे दूधही नसलेल्या संपूर्ण वनस्पतिजन्य अन्नात ते घालायचं तर पुन्हा किण्वनाकडेच यावं लागतं. इथे निकाल दिवसांत कळतो, पण एक झडप नीट निर्जंतुक झाली नाही तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. शिफ्ट असतात, शिस्त कडक असते.

तुमची भीती अगदीच निराधार नाही. नुसत्या पदवीवर बहुतेकदा गुणवत्ता तपासणीचंच काम मिळतं. ते कमी प्रतीचं मुळीच नाही, मात्र संशोधन करायचं तर पदव्युत्तर शिक्षण धरूनच चाला. सोबत जीवरसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. संख्याशास्त्राचा मुली-मुलांना कंटाळा असतो, पण शेतातल्या प्रयोगाचा अर्थ त्यावाचून लागत नाही. सुट्ट्यांत एक इंटर्नशिप जिवाणूखतांच्या लॅबमध्ये आणि एक किण्वन विभागात करू द्या. तिला एकूण पीकच, म्हणजे बियाणं, पाणी, कीड सगळं आवडत असेल, तर मात्र कृषी पदवी जास्त योग्य.

कॉलेज निवडताना तिथल्या मुलांना एकच विचारा: जिवाणू वाढवायच्या प्लेट तुम्ही स्वतः ओतता का आणि फर्मेंटर, म्हणजे किण्वनाची टाकी, तुम्ही स्वतः चालवता का? शिक्षक करून दाखवतात आणि आम्ही वहीत उतरवतो, असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.