दहा हजारांच्या आत घरासाठी मॉनिटर: 24 इंची की 27 इंची?

24 इंचीच घ्या. 1920×1080 रेझोल्यूशनला (आडवे × उभे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) 24 इंचीवर दर इंचाला साधारण 92 पिक्सेल बसतात, 27 इंचीवर 82च. त्यामुळे अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. मराठी मजकुरात काना-मात्रा, अनुस्वार असल्याने ते जास्तच जाणवतं. 27 इंची हवाच असेल तर 2560×1440 पाहा, पण मग बजेट वाढवावं लागेल. आणि मुंबईच्या खोल्यांत टेबल जेमतेम दीड-दोन फूट खोल, एवढ्या जवळून 24 पुरतो.

पॅनल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारात काळा रंग गडद येतो, पण काळ्या पानावर स्क्रोल करताना मागे सावली ओढली जाते. टीएन हा तिसरा प्रकार नको, बाजूने पाहिलं की रंग उडतात. 75 किंवा 100 हर्ट्झ (सेकंदाला चित्र तितक्या वेळा ताजं होतं) असेल तर उत्तम. 60वरही ऑफिसचं काम अडत नाही.

लोक फसतात ते पोर्टमध्ये, म्हणजे केबल जोडायच्या खाचेत. जुन्या सीपीयूला फक्त व्हीजीए (जुना ॲनालॉग पोर्ट) असेल आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय (नवा डिजिटल पोर्ट), तर साधी केबल चालत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टरच लागतो. मागे 100×100 मिमीची व्हेसा भोकं (स्टँड बसवायची ठरलेल्या मापाची) आहेत का, तेही बघा. पुढेमागे भिंतीवर लावता येईल.

लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेणार असाल तर दुकानातच चालू करून पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा स्क्रीन लावून मेलेले (कायम काळे किंवा कायम पेटलेले) पिक्सेल तपासा. जीएसटी बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. स्वस्तात 32 इंची टीव्ही मॉनिटर म्हणून गळ्यात मारतील, तो बहुधा 1366×768चा असतो. नको.