फरदड, बचत गट आणि बी.ए.ची पुस्तके

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहते. पाच एकर शेती आहे, विहीर आहे, कपाशी हेच मुख्य पीक. दोन मुले शाळेत आहेत आणि सासूबाई थकल्या आहेत. बचत गटाची सचिवही मीच आहे. यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. परीक्षा उन्हाळ्यात आहे, पण पुस्तक उघडायला सवड होत नाही. सगळे म्हणतात, पहाटे चारला उठून अभ्यास कर. रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईने हे कसे करावे? कशाला वेळ द्यावा आणि काय सोडावे?
— एक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चारला उठू नका. झोप मोडून काढलेला तास दुपारी वावरात अंगावर येतो आणि वाचलेलेही लक्षात राहत नाही.

तुमची अडचण आळसाची नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाकाठी सरासरी ३०१ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९८. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात साधारण चारांत एक. म्हणून अभ्यासाला वेळ काढायचा तो तुमच्या झोपेतून नव्हे, घरच्यांशी कामे वाटून घेऊन काढायला हवा.

दुसरे असे की, रोजचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या घरात टिकत नाही. वेळेची वाटणी हंगामावर करावी. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा सुरू झाला की फुटलेले बोंड थांबत नाही, दव सुकल्याशिवाय वेचता येत नाही आणि अवेळी पाऊस आला तर कापूस भिजून भाव पडतो. त्या दिवसांत अभ्यास झाला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. अभ्यासकेंद्रावरील संपर्क सत्रे तेवढी चुकवू नका.

खरा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि तो फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेल्या उशिराच्या कापसाचा आहे. विहिरीला पाणी असले की उभ्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, ओलित करून मार्चपर्यंत वेचत राहण्याचा मोह होतो. हा कापूस कमी प्रतीचा असतो, त्याला भाव कमी मिळतो आणि उशिराच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून पुढच्या हंगामात उतरते. म्हणूनच फरदड घेऊ नये असे कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आहेत. हातचे चार पैसे जातील हे खरे, आणि ज्या घरात त्या पैशांवर उसनवारी फिटते तिथे हा सल्ला सहज देता येत नाही. पण तुमच्याकडे तशी निकड नसेल, तर मी फरदड सोडण्याच्याच बाजूचा आहे, कारण ती ज्या महिन्यांत तुम्हाला ओटी बांधून वावरात ठेवते, नेमके तेच महिने परीक्षेआधी अभ्यासाला मिळू शकतात.

गटात सभासद म्हणून राहा, सचिवपद मात्र सोडा. पद फिरते असणे गटाच्याही हिताचे असते. एखाद्या शिकलेल्या सुनेला दोन बैठकांत शेजारी बसवून नोंदवही शिकवली की झाले. लग्नसराईत लग्नाला जा, मांडव आणि हळद टाळा. तेरवीला मात्र अवश्य जावे; दुःखाच्या वेळी न जाणे गावात कोणी विसरत नाही, आणि ते योग्यही नाही. मोबाईलचे तुम्ही काही लिहिले नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

यजमानांशी हे बोलणे डिसेंबर उजाडण्यापूर्वी करा, म्हणजे फरदडीच्या आशेने ओलित सुरू होणार नाही. पऱ्हाटी उपटण्याचा दिवस दोघांनी मिळून ठरवा, आणि त्याच वेळी संध्याकाळचे पाणी भरणे मोठ्या मुलाकडे आणि गोठा यजमानांकडे परीक्षा संपेपर्यंत राहील, हेही पक्के करून घ्या.