मुलीच्या लग्नाआधी चष्म्याचा नंबर लेझरने घालवावा का?

दिवाळीनंतर लग्नाची बोलणी सुरू झाली की नेत्र रुग्णालयातील आमच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो. मुलीला चष्मा आहे, तो लेझरने कायमचा काढून टाकावा का, आणि त्यात डोळ्याला काही इजा होणार नाही ना? विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि जिच्या डोळ्यांविषयी बोलणे चालले आहे ती मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. डोळा शस्त्रक्रियेस योग्य आहे की नाही, हे नेत्रतज्ज्ञ तपासून ठरवतात. ते माझे काम नाही. डोळा योग्य असला तरी शस्त्रक्रिया करावी का, कधी करावी आणि कुणाच्या इच्छेने करावी, हे मात्र कुटुंबासोबत बसून उलगडावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्याच्या एका शेतकरी कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडत आहे.

मुलगी बावीस वर्षांची होती. बी.एस्सी. झाल्यावर ती गावाजवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात संगणकावर काम करत होती आणि सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज भरण्यात तिचा सगळा दिवस जात होता. आईने खुर्चीवर बसताबसताच विषय काढला, "मॅडम, पाहुणे येते, पोरीचा चष्मा पायते अन् मंग निरोपच देत नाही. एकदाचं लेझर करून टाका." वडिलांची काळजी वेगळी होती. त्यांनी जरा थांबून विचारले, "डोयातलं कातडं जाळते का जी ते लेझर?" कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पैशातून त्यांनी काही रक्कम बाजूला काढून ठेवली होती, आणि ती मुलीच्या डोळ्यांवर खर्च करायची त्यांची मनापासून तयारी होती.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले, कारण भीती मनात असताना पुढचे काहीच नीट ऐकले जात नाही. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी वापरतात ते एक्सायमर लेझर उष्णतेने जाळत नाही. त्याचे अतिनील किरण, ज्यांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते, पेशीजालातील रेणूंचे बंध तोडतात आणि त्यामुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा अत्यंत पातळ थर निघून जातो. आजूबाजूच्या भागाला जवळजवळ धग लागत नाही. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८१ साली हा गुण जैविक ऊतींच्या संदर्भात प्रथम लक्षात आला, आणि ते काम करणाऱ्या चमूत रंगास्वामी श्रीनिवासन हे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ होते. हे ऐकून वडील खुर्चीत थोडे मागे टेकले.

मग मी मुलीकडे वळले आणि तिचा चष्मा हातात मागितला. उजव्या काचेवर मधोमध ओरखड्यांचे जाळे पडले होते, कारण ती काच रोज ओढणीच्या टोकाने पुसली जात होती. नाकावरच्या टेकणीचे रबर निघून गेले होते आणि त्या धातूने नाकाच्या बाजूला एक काळसर खळगा पाडला होता. चष्मा तीन वर्षांपूर्वीचा होता. तिला चष्म्याचा काय त्रास होतो असे विचारल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडले: एसटीची पाटी जवळ येईपर्यंत वाचता येत नाही, संध्याकाळी डोके दुखते, उन्हाळ्यात घामाने चष्मा घसरतो. तपासणीत उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.७५ आणि डाव्याचा उणे ५ निघाला. अंगावरचा चष्मा दोन्ही बाजूंना उणे ४ चा होता. म्हणजे ज्या त्रासाचे खापर ती चष्म्यावर फोडत होती, त्यातला बराचसा त्रास चुकीच्या नंबराचा आणि खराब काचेचा होता.

लेझरचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी आधी चढावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या खेड्यांत चष्मा एकदा केला की तो मोडेपर्यंत चालतो, नंबराची तपासणी आठवडी बाजारातल्या दुकानात किंवा शिबिरात उभ्याउभ्या होते, आणि मग "चष्म्याने मला दिसतच नाही" असे वाटू लागते. अचूक नंबराचा, नीट बसणारा चष्मा काही महिने वापरल्यावरही तो नकोसा वाटत असेल, तर ती इच्छा खरी समजावी.

दुसरी गोष्ट नंबर स्थिर असण्याची. किमान एक वर्ष नंबरात अर्ध्यापेक्षा जास्त फरक पडलेला नसावा आणि वय अठरा पूर्ण असावे, ही साधारण अट असते; बरेच डॉक्टर विशीनंतरच करणे पसंत करतात. या मुलीचा नंबर तीन वर्षांत वाढलेला होता, पण नेमका केव्हा वाढला आणि अजून वाढतो आहे का, हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. वाढत्या नंबरावर लेझर केले, तर आजचा नंबर जातो आणि उद्या वाढणारा नंबर नव्याने येतो. डॉक्टरांनी त्यामुळे एक वर्ष थांबायला सांगितले. आईचा चेहरा उतरला, कारण तिच्या डोळ्यांसमोर येणारी अक्षय तृतीया होती.

खरे समुपदेशन येथून सुरू झाले. मुलीला मी आईवडिलांना बाहेर बसवून एकटीला विचारले की लग्नाचा विषयच नसता, तर तुला लेझर करायचे असते का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की बायोडाट्यावरचा फोटो चष्मा काढून काढलेला आहे, आणि पाहुणे आले की आई तिला चष्मा आतल्या खोलीत ठेवून बाहेर यायला सांगते. समोर बसलेल्या मुलाचा चेहरासुद्धा तिला नीट दिसत नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटले. जिच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे, तिलाच समोरचा माणूस धूसर दिसावा, ही गोष्ट आईच्या लक्षात आणून देणे मला माझे कर्तव्य वाटले, आणि मुलीच्या संमतीने मी ते आईला सांगितले. आई रागावली नाही. "तिनं कधी सांगितलंच नाही," एवढेच ती म्हणाली.

आईचा पुढचा प्रश्न होता की तोवर कॉन्टॅक्ट लेन्स लावली तर? लेन्स वाईट नाही, परंतु ती वापरताना हात स्वच्छ धुऊन कोरडे करणे आणि लेन्सला नळाचे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी अजिबात न लागू देणे आवश्यक असते, कारण साध्या पाण्यातील अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, गंभीर जखम करू शकतो. शेतातली धूळ आणि कापसाचे तंतू असलेल्या घरात, केवळ पाहुण्यांपुरती, सवय नसताना लेन्स लावणे मला पटले नाही आणि मुलीलाही पटले नाही. तिने योग्य नंबराचा, हलक्या फ्रेमचा चष्मा केला. पुढच्या पाहुण्यांसमोर ती तोच लावून बसली.

एक वर्षाने ती पुन्हा आली, तेव्हा सोबत फक्त वडील होते. नंबर जिथल्या तिथे होता. डोकेदुखी थांबली होती. तरीही तिला लेझर करायचे होते, आणि कारण विचारल्यावर तिने सांगितलेली कारणे आता तिची स्वतःची होती: पावसात स्कूटीवर काचेवर थेंब बसले की रस्ता दिसत नाही, आणि रात्री उठल्यावर चाचपडत चष्मा शोधावा लागतो. मला त्या उत्तरांनी समाधान वाटले.

पुढच्या तपासण्यांसाठी ती नागपूरला जाऊन आली. कॉर्नियाची जाडी आणि उंचसखलपणाचा नकाशा काढणारी तपासणी ही यातली सर्वांत महत्त्वाची असते, आणि ती न करता कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर तेथून उठून यावे. तिच्या कॉर्नियाची जाडी मध्यभागी ५०५ मायक्रॉन होती (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची पातळ झडप साधारण ११० मायक्रॉनची उचलतात आणि एका नंबरामागे सुमारे १५ मायक्रॉन थर काढला जातो. तिच्या डाव्या डोळ्याचा उणे ५ नंबर धरला तर ७५ मायक्रॉन जाणार आणि झडपेखाली ३२० उरणार. हा उरलेला भाग २५० पेक्षा कमी होता कामा नये, असा जुना दंडक आहे, आणि सावध डॉक्टर ३०० च्या वर ठेवतात. कागदावर मांडलेला हा हिशेब वडिलांना चटकन समजला. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डोळ्याच्या आतला मागचा पडदाही (रेटिना) तपासला गेला, कारण मायनस नंबराच्या डोळ्यात तो पडदा ताणलेला असतो आणि लेझरने पुढचा आकार बदलला तरी मागचा ताण तसाच राहतो.

सगळ्यांचे उत्तर असे अनुकूल येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पोलीस भरतीच्या तयारीतला एक तरुण त्याच सुमारास आला होता. त्याला डोळे जोरजोरात चोळण्याची सवय होती आणि नकाशात कॉर्निया खालच्या बाजूला शंकूसारखा पुढे येत असल्याचे दिसले. या विकाराला केराटोकोनस म्हणतात आणि त्यात लॅसिक केल्यास कॉर्निया आणखी कमकुवत होतो. तो निराश होऊन गेला, पण त्या तपासणीमुळेच त्याचा आजार वेळेत कळला आणि कॉर्निया घट्ट करणारा, रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण वापरून केला जाणारा उपचार त्याला मिळू शकला. भरतीसाठी लेझर करणाऱ्या मुलांनी आधी त्या त्या दलाच्या वैद्यकीय अटी वाचाव्यात. काही ठिकाणी लेझर चालते, काही ठिकाणी ठरावीक अवधी गेल्यावर चालते, काही ठिकाणी चालतच नाही, आणि ते लपवून ठेवणे धोक्याचे ठरते.

मुलीच्या घरी मग खर्चाचा विषय निघाला. पद्धतीनुसार दोन्ही डोळ्यांचा खर्च वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या वर जातो. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण अटींत ७.५ पेक्षा कमी नंबराच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे विम्यातून काही मिळणार नव्हते. वडील बचत गटातून कर्ज काढायला निघाले होते. चष्म्याने उत्तम दिसत असताना, पुढच्या हंगामाचे बियाणे-खत डोक्यावर असताना, या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढू नये, असे मी स्पष्ट सांगितले. मुलीने स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे आणि वडिलांची रक्कम मिळून मधल्या दराची लॅसिक शक्य होती, आणि तीच ठरली.

तारीख ठरवताना मात्र एक अडचण कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. भाव वाढेल या आशेने त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला होता, आणि घरातल्या सर्वांच्या अंगाला त्याची खाज सुटत होती. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, निदान महिनाभर डोळा चोळायचा नसतो, धूळ, काजळ आणि चुलीचा धूर टाळायचा असतो. कापसाशेजारी झोपून हे पाळणे अशक्य होते. कापूस विकून खोली झाडून-पुसून झाल्यावर, पण उन्हाळ्याची गरम हवा डोळे कोरडे करण्याआधी, अशी फेब्रुवारीतली तारीख घेतली.

त्रास काय होऊ शकतात, हे तिला तारखेआधीच समजावले होते. कॉर्नियातील बारीक नसा कापल्या जात असल्याने काही महिने डोळे कोरडे पडतात. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, म्हणून अंधारात स्कूटी चालवण्याची घाई करू नये. थोडा नंबर उरू शकतो किंवा पुढे परत येऊ शकतो. चाळिशीत वाचनाचा चष्मा सर्वांसारखा लागतोच. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया करत नाहीत, त्यामुळे तिच्या बाबतीत लग्नाआधीचा काळ सोयीचा होता, एवढा एक मुद्दा आईच्या बाजूचा मी प्रामाणिकपणे मान्य केला. मात्र नंबराची प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते आणि लेझरने ती बदलत नाही, म्हणून सासरच्यांपासून शस्त्रक्रिया लपवू नये, असेही सांगितले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. लेझर प्रत्यक्ष डोळ्यावर चालले ते मिनिटभराच्या आत. तिसऱ्या महिन्यात ती दाखवायला आली तेव्हा तिला दोन्ही डोळ्यांनी तक्त्यातील शेवटून दुसरी ओळ वाचता येत होती, परंतु सेवा केंद्रात दुपारनंतर डोळे खुपत होते; अश्रूंसारखे काम करणारे थेंब सुरू ठेवायला आणि संगणकावरून अधूनमधून नजर उचलून पापण्या मिटायला सांगितले. सहाव्या महिन्यापर्यंत तो त्रास बराच कमी झाला. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी यायचे, आणि नाही वाटले तरी वर्षातून एकदा मागचा पडदा तपासायचा, हे तिच्या कार्डावर लिहून दिले आहे. लग्न त्यानंतर जमले. मुलाकडच्यांना तिने शस्त्रक्रियेबद्दल स्वतः सांगितले.

अलीकडे आई पुन्हा आली होती, दहावीतल्या मुलाला घेऊन. त्याचा नंबर उणे २.५ आहे आणि त्याचेही लेझर करून टाकावे, असे तिला वाटते. त्याच्या वयात ते करता येत नाही, असे तिला सांगितले. सध्या त्याला अचूक चष्मा करून दिला आहे, रोज दोन तास तरी उजेडात मैदानावर खेळायला सांगितले आहे, आणि नंबराचा प्रत्येक कागद तारखेसह एका फाइलमध्ये जपून ठेवायला आईला सांगितले आहे, म्हणजे तो वीस वर्षांचा होईल तेव्हा नंबर केव्हा थांबला हे डॉक्टरांना त्या कागदांवरूनच कळेल.