कॉलेजात गाजलेला बास्केटबॉल खेळाडू आज वाईट अवस्थेत असेल, तर त्याच्या पाठीशी उभं राहणं हा आंधळेपणा आहे का?

तुम्ही खेळाडूचं नाव लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय की कॉलेजात असताना ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलात, त्याचे आता बेड्यांतले व्हिडिओ फिरतात, आणि अजून त्याची बाजू घेता म्हणून मित्र तुम्हाला वेड्यात काढतात. चाहत्याने नेमकं काय करायचं, असं विचारलंय. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, डेलॉन्टे वेस्ट. त्याच्याबद्दलच लिहितो, कारण तेवढं मी जवळून पाहिलंय.

2003 च्या ऑगस्टमध्ये मी कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी नाशिकहून फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स युनिव्हर्सिटीत आलो. बास्केटबॉलशी माझी ओळख म्हणजे शाळेच्या मैदानातली गंजलेली रिंग. सेंट जोसेफ्स हे जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं छोटं विद्यापीठ, मोठमोठ्या विद्यापीठांच्या खिजगणतीतही नसलेलं. आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या संघाने नियमित हंगामातले 27 च्या 27 सामने जिंकले. गार्डची, म्हणजे बॉल खेळवत पुढे नेणाऱ्यांची जोडी होती जमीर नेल्सन आणि डेलॉन्टे वेस्ट. नेल्सन त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, त्यामुळे नाव त्याचं जास्त झालं. पण लॅबमध्ये आमचे वाद व्हायचे ते वेस्टवरून. वीस वर्षांचा, डाव्या हाताने बॉल टाकणारा, बचावात चिकटला की समोरच्याला श्वास घेऊ न देणारा. झेवियर विद्यापीठाविरुद्धच्या एका सामन्यात त्याने बारा शॉट मारले आणि बाराही आत गेले. 33 गुण. पुढचा आठवडाभर आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

आमचं फील्डहाऊस जेमतेम 3,200 जणांचं होतं. तिकीट मिळणं म्हणजे नशीब. लॅबमधल्या एका मित्राला जमलं नाही म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं आणि मी पहिल्यांदा आत गेलो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत घामाचा आणि पॉपकॉर्नचा वास, आणि लाकडी फळ्यांवर पाय आपटल्याचा आवाज छातीत जाणवायचा. आमचा शुभंकर हॉक, म्हणजे ससाणा. पिसांच्या पोशाखात एक विद्यार्थी असतो, आणि त्याचा नियम एकच: सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पंख हलवणं थांबवायचं नाही. टाइमआउटमध्ये तो कोर्टवर इंग्रजी आठच्या आकड्यात पळतो, तेव्हाही पंख चालूच. एका सामन्यात साडेतीन हजार वेळा होतात असं म्हणतात. त्या दिवशी तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. मुखवट्याच्या आतून त्याचा धापा टाकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, खांदे थरथरत होते, आणि पंख तरी हलत होते. ‘द हॉक विल नेव्हर डाय’ ही तिथली घोषणा. मी ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा मला उगाच रडू आलं. घरापासून लांब होतो, सहा महिन्यांत पहिल्यांदा आपण कशाचा तरी भाग आहोत असं वाटलं.

त्या मार्चमध्ये आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत झेवियरनेच आम्हाला 87-67 असं धुतलं. वीस गुणांनी. हॉक शेवटच्या सेकंदापर्यंत पंख हलवत होता. मग राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचलो आणि ओक्लाहोमा स्टेटकडून 64-62 हरलो. 6.9 सेकंद उरले असताना त्यांच्या जॉन ल्युकसने थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट मारला. ते सेकंद मी अजून पुन्हा पाहू शकत नाही.

एक हिशोब मला चाहता म्हणून कायम बोचतो. त्या हंगामात तिकिटं विकली गेली, जर्सी विकल्या गेल्या, विद्यापीठाचं नाव देशभर झालं. त्या मुलांना स्कॉलरशिपपलीकडे पगार म्हणून एक डॉलरही मिळाला नाही. तेव्हाचे नियमच तसे होते, स्वतःच्या नावावर कमवायची परवानगी कॉलेज खेळाडूंना 2021 मध्ये मिळाली. वेस्टने पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये चांगले पैसे कमावले हे खरं. पण आम्हाला त्याने जे दिलं ते फुकट दिलं होतं. म्हणून ‘त्याचं आपण काय देणं लागतो’ असं कोणी विचारलं की मला राग येतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2004 मध्ये एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये बोस्टन सेल्टिक्सने त्याला पहिल्या फेरीत 24 व्या क्रमांकावर घेतलं. 2008 मध्ये क्लीव्हलँडच्या संघात असताना त्याने उपचारांसाठी संघातून सुट्टी घेतली, परत आला, आणि आपल्याला मूडचा आजार आहे, औषधं चालू आहेत, हे उघड सांगितलं. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार खाली जातं. एनबीएतलेच केव्हिन लव्ह आणि डीमार डीरोझन आपल्या मानसिक त्रासाबद्दल बोलले ते 2018 मध्ये, आणि त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. वेस्ट दहा वर्षं आधी बोलला. तेव्हा कौतुक करणारे फार थोडे होते, चेष्टेचा विषय करणारे पुष्कळ. त्याच हंगामात तो बहुतेक सामन्यांत पहिल्या पाचात उतरला आणि त्या संघाने 66 सामने जिंकले. 2009 मध्ये मेरीलँडमध्ये बंदुका घेऊन मोटरसायकलवर जाताना पकडला गेला, गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. हे मी लपवत नाही. पाठीशी उभं राहायचं म्हणजे झालेलं झालंच नाही असं म्हणायचं, असा अर्थ कोणी घेऊ नये. 2012 नंतर एनबीए संपलं.

2016 मध्ये ह्यूस्टनमध्ये एका बर्गरच्या दुकानाबाहेर तो अनवाणी, दवाखान्याच्या गाऊनमध्ये दिसला. कोणीतरी विचारलं, तू डेलॉन्टे वेस्ट ना? तर तो म्हणाला, होतो पूर्वी, आता ते आयुष्य माझं नाही. तसं तेव्हा छापून आलं होतं. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो. आपण ज्याला हाक मारतो तो 2004 मधला मुलगा असतो, आणि समोर उभा असलेला माणूस आपल्याला सांगत असतो की तो मी नव्हे. आपलं प्रेम त्या जर्सीवर आहे की या माणसावर, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारावं लागलं.

जानेवारी 2020 मध्ये दोन व्हिडिओ आले. एकात भर रस्त्यात त्याला मारहाण होत होती, दुसऱ्यात तो बेड्या घालून बसलेला आणि पोलीस त्याला प्रश्न विचारतोय. दुसरा व्हिडिओ काढणाऱ्या पोलिसाला निलंबित केल्याचं तिथल्या पोलीस खात्याने जाहीर केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक तो व्हिडिओ ‘बातमी’ म्हणून पाठवत होते. मला एका दिवसात चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याबरोबर त्याच फील्डहाऊसमध्ये ओरडलेले.

इथे माझं घरचं थोडं सांगतो. माझ्या मावसभावाला हाच आजार आहे. चढ असतो तेव्हा रात्री दोनला फोन येतो, हायवेवर हॉटेल काढायचंय, जागा बघून ठेवलीय. तीन-तीन दिवस झोप नाही. उतार आला की महिनाभर खोलीबाहेर येत नाही, फोन घेत नाही. गोळ्या चालू असल्या की चांगला असतो, आणि चांगला असला की त्याला वाटतं गोळ्यांची गरज काय. या आजारात असं फार जणांचं होतं. एका लग्नात हळदीच्या दिवशी तो चढात होता. भान सोडून नाचला, काहीबाही बोलला. एका नातेवाइकाने ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर होतं. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मावशीने ते पाहिलं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर आजतागायत ती कुठल्याही लग्नाला गेलेली नाही.

म्हणून माझं पहिलं उत्तर अगदी साधं आहे: तो व्हिडिओ पाहू नका आणि पुढे पाठवू नका. कोणी पाठवला तर तिथल्या तिथे सांगा की मला नको. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कात आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणाला विनोद कांबळी सचिनचा हात धरून बसलेला दिसला, तेव्हाही हेच झालं. 1988 ची 664 धावांची भागीदारी ज्यांना तोंडपाठ, त्यांनीच तो तुकडा सगळ्यात जास्त फिरवला. ‘अरेरे’ लिहून फिरवला म्हणून तो फिरवणं कमी होत नाही.

‘एवढे ओळखीचे लोक असून कोणी काहीच कसं केलं नाही?’ असंही लोक विचारतात. केलं. नेल्सनने तेव्हाच जाहीरपणे लिहिलं की मानसिक आजाराशी कितीतरी लोक झगडत असतात, आणि आपण त्याच्यासाठी आहोत. प्रशिक्षक फिल मार्टेली यांनी त्याला योग्य उपचार मिळावेत म्हणून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना कामाला लावलं. मार्टेलींना आमच्याच विद्यापीठाने 24 हंगामांनंतर, 2019 मध्ये पदावरून काढलेलं होतं. त्यांचं विद्यापीठाशी नातं संपलं होतं, पोरांशी संपलं नव्हतं. पण सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध उपचारांना बसवणं इथे फार अवघड आहे. पेनसिल्व्हेनियात अशा सक्तीच्या भरतीला कायद्यातल्या कलमावरून ‘302’ म्हणतात (आपल्याकडच्या 302 चा इथे संबंध नाही). माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तरच सक्तीने भरती करता येतं, तेही जास्तीत जास्त 120 तास. पुढे ठेवायचं तर पुन्हा सुनावणी. इतर राज्यांत तास वेगळे, गोष्ट तीच.

सप्टेंबर 2020 मध्ये तो डॅलसला रस्त्याच्या कडेला भीक मागताना दिसला. त्याच्या जुन्या संघाचे, मॅव्हरिक्सचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन स्वतः गाडी घेऊन गेले, पेट्रोल पंपावर त्याला भेटले, हॉटेलात ठेवलं, आईशी भेट घालून दिली, फ्लोरिडात उपचारांना पाठवलं. नंतर तो त्याच केंद्रात काम करू लागला. त्या काही महिन्यांत सगळे त्याचे चाहते झाले होते. ज्यांनी जानेवारीत व्हिडिओ पाठवला होता त्यांनीच आता हसऱ्या चेहऱ्याचे फोटो पाठवले.

ऑक्टोबर 2021 मध्ये फ्लोरिडात पुन्हा अटक झाली. पुढे व्हर्जिनियातही. आणि तेच लोक लिहू लागले की एवढं करूनही सुधारत नाही, आता त्याचं तो बघेल.

तुमच्या प्रश्नाची खरी मेख मला इथे दिसते. त्या लोकांना डेलॉन्टे नको होता, त्यांना शेवट गोड हवा होता. या आजारात आणि व्यसनात घसरणं हा प्रवासाचाच भाग असतो, हे मला मावसभावामुळे कळलं. तो चार वेळा घसरलाय. पाचव्यांदाही घसरेल कदाचित. मावशी दर वेळी पहिल्यासारखाच डबा भरते. चाहता आईएवढं करू शकत नाही, आणि करूही नये. त्याला शोधत जाऊ नका, रस्त्यात दिसला तर सेल्फी मागू नका, हातात रोख पैसे कोंबू नका. तो आपला कोणी लागत नाही, आपण त्याचे लागतो एवढंच. पण त्याने बरं होऊन आपल्याला समाधान द्यावं, ही अट तर आपण काढून टाकू शकतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. ऑफिसात कोणी त्याच्यावर विनोद केला की मी हसत नाही, त्या बाराला बारा शॉटची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा वातावरण अवघडतं, मग कोणीतरी हळूच म्हणतं की माझ्या भावाचं पण असंच आहे. असं आतापर्यंत तीनदा झालंय. इथे नामी नावाची संस्था मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांसाठी आठ सत्रांचा वर्ग घेते, फुकट असतो. मी मावसभावासाठी म्हणून गेलो होतो. आता दर वर्षी मार्चमध्ये, स्पर्धा सुरू झाली की वेस्टच्या नावाने त्यांना थोडे पैसे पाठवतो. त्याला ते कधी कळणार नाही, कळायची गरजही नाही.

आणि जुने सामने पाहावेत का, त्यात आपण त्याच्या आजच्या हालांकडे पाठ फिरवतो का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जरूर पाहा. ते त्याचंच आहे, त्याने केलेलं आहे, कुठलीही अटक ते परत घेऊ शकत नाही. फील्डहाऊस 2009 मध्ये वाढवून हेगन अरिना झालं, लेकीला घेऊन मी अजून जातो. मागच्या वेळी आम्ही वाईट हरत होतो, अर्धे लोक पार्किंगमध्ये पोहोचले होते. लेक म्हणाली, बाबा, चला ना, संपलंय. मी तिला कोर्टच्या कडेला बोट दाखवलं, तिथे तो पोशाखातला मुलगा उभा होता, खांदे पुढे पडलेले, पंख हलवत. मग ती बसली.