दरड, भूस्खलन की लोंढा?

प्रश्न असा आहे: पावसाळ्यात डोंगरावरून दगड, माती आणि पाणी एकजीव होऊन वेगाने खाली येतं, ज्याला भूवैज्ञानिक ‘डेब्री फ्लो’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘दरड’ चालेल, की हिंदीतला ‘मलबा’ घ्यावा?

‘दरड’ इथे बसत नाही. दरड म्हणजे नदीचा किंवा डोंगराचा उभा, तुटका काठ. घाटरस्त्यासाठी कापलेल्या भिंतीतून दगड सुटले, तर ‘दरड कोसळली’ हे अगदी नेमकं. पण 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर आली ती पावसाने भिजून चिखल झालेली उताराची माती. तिथेही ‘दरड कोसळली’ असंच छापून आलं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गडगडणारे धोंडे उभे राहिले. ‘भूस्खलन’ चुकीचा नाही, पण तो सगळेच प्रकार पोटात घेतो.

माझं म्हणणं असं की नामाआधी क्रियापद ठरवावं. अमेरिकी भूवैज्ञानिक डेव्हिड वार्न्स यांनी 1978 मध्ये उतारावरच्या हालचालींची जी वर्गवारी मांडली, ती दोनच गोष्टी विचारते: काय हललं आणि कसं हललं. त्यातल्या ‘कसं’साठी मराठीत क्रियापदं तयार आहेत. कडा कोसळतो, सुळका कलंडतो, उतार घसरतो, मऊ थरावरची जमीन पसरते, लोंढा वाहतो. ‘खचणे’ तर फारच नेमकं आहे: माथ्याशी अर्धगोल भेग पडते, जमीन खाली बसते आणि मागे कलते.

आता ‘काय’ हललं ते. वार्न्स यांच्या व्याख्येत ‘डेब्री’ म्हणजे असं मिश्रण, ज्यात 20 ते 80 टक्के कण 2 मिलिमीटरहून मोठे असतात. मराठीत ‘राडा’ म्हणजे चिखल आणि ‘रोडा’ म्हणजे दगड-विटांचा तुकडा. म्हणजे ‘राडारोडा’ या शब्दातच ही व्याख्या बसलेली आहे! अडचण एवढीच की आज तो ऐकला की पाडलेल्या इमारतीचा ढीग आठवतो. ‘मलबा’ आणि ‘ढिगारा’ही थांबलेल्या वस्तूचीच नावं आहेत. म्हणून मी ‘दगडमातीचा लोंढा’ सुचवेन.

क्रियापदाचा हा आग्रह भाषेपुरता नाही, कारण घसरण्याचं गणित वेगळं आणि वाहण्याचं वेगळं. घसरण्यासाठी उताराचा सुरक्षा-गुणांक काढतात: मातीला धरून ठेवणारं बल भागिले खाली ओढणारं बल. समजा, मातीला चिकटपणा नाही आणि तिचा घर्षणकोन 34 अंश आहे. कोरडी असताना ती 34 अंशांच्या उतारापर्यंत टिकते. तीच माती पृष्ठभागापर्यंत भिजून पाणी उताराला समांतर झिरपू लागलं, की कणांमधल्या पाण्याचा दाब घर्षण घटवतो आणि मर्यादा साधारण 19 अंशांवर येते. हे गणित माती कुठून सुटेल ते सांगतं, कुठवर जाईल ते सांगत नाही.

त्यासाठी वाहण्याचं प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, लागतं. त्यातल्या वोल्मी नावाच्या पद्धतीत लोंढ्याला अडवणाऱ्या दोन संख्या असतात: तळाचं घर्षण आणि वेगाबरोबर वाढणारा विरोध. सुरुवातीला घर्षण 0.2 असं काही धरतात आणि जुना लोंढा जिथे थांबला त्या खुणांशी जुळेपर्यंत बदलत जातात. इथे हमखास चूक होते ती उंचीच्या नकाशात. नकाशात 30 मीटरच्या प्रत्येक चौकटीला एकच उंची दिलेली असेल, तर 10 मीटर रुंदीची घळ पुसली जाते. मग प्रारूपातला लोंढा घळीत न शिरता उतारावर पातळ पसरतो आणि खऱ्यापेक्षा खूप अलीकडे थांबतो.

केरळमधल्या वायनाडमध्ये 30 जुलै 2024 रोजी डोंगरमाथ्याजवळून सुटलेला लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे 8 किलोमीटर गेला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं त्या वाटेवर होती. उतार कुठे सुटेल एवढंच दाखवणाऱ्या नकाशात अशी नदीकाठची सपाट जागा सुरक्षित रंगात दिसू शकते. म्हणून मराठी नकाशावर ‘भूस्खलनप्रवण क्षेत्र’ या एकाच शब्दावर न थांबता ‘घसरणीचा उगम’, ‘लोंढ्याची वाट’ आणि ‘लोंढा साचण्याची जागा’ अशी तीन नावं वेगळी लिहावीत.

आणि बातमीत ‘दरड कोसळून गाव गाडलं गेलं’ याऐवजी, जसं घडलं असेल तसं: ‘डोंगर खचला आणि दगडमातीचा लोंढा ओढ्याच्या वाटेने गावावर आला.’