खाडीत नांगरलेली होडी घरातून दिसेल असा जबरदस्त सर्चलाइट घरी बनवता येईल का? शंभर वॅटचा एलईडी मागवलाय, पुरेल का?

तुमचं घर खाडीच्या काठावर आहे, होडी ४००-५०० मीटरवर नांगरलेली असते आणि रात्री कोणी तिच्यावर चढलं तर पडवीतून दिसावं, एवढीच तुमची गरज आहे असं धरून चालतो. असा सर्चलाइट नक्की बनतो, आणि फार खर्चाचाही नाही. फक्त तो शंभर वॅटचा एलईडी त्यात घालू नका. तो आंब्याच्या बागेत किंवा अंगणात लावा, तिथे उत्तम काम देईल. होडीपर्यंत तो पोचणार नाही.

मी बंदरात बोटींच्या वायरिंगची कामं करतो. "किती वॅटचा लावू?" हा प्रश्न आमच्याकडे नाखव्यापासून खलाशापर्यंत सगळे विचारतात. वॅट म्हणजे बॅटरी किती लवकर उतरणार त्याचा हिशेब, झोत किती लांब जाणार त्याचा नव्हे. झोताची लांबी दोन गोष्टींवर ठरते. उजेड ज्या ठिपक्यातून निघतो त्याच्या दर चौरस मिलिमीटरला किती तेज आहे ही पहिली, आणि समोरच्या भिंगाचं किंवा मागच्या आरशाचं क्षेत्रफळ ही दुसरी. त्यांचा गुणाकार म्हणजे झोताची तीव्रता, ती कॅन्डेलात मोजतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या एकूण ल्युमेनचा (सगळ्या दिशांना मिळून निघणाऱ्या उजेडाचा) या गुणाकारात थेट संबंधच येत नाही.

आता तुमच्याच सामानाचा हिशेब करू. शंभर वॅटच्या त्या पिवळ्या चौकोनातून फार तर १०,००० ल्युमेन निघतात, पण तो चौकोन साधारण २० बाय २० मिलिमीटरचा, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर. ल्युमेनला क्षेत्रफळाने आणि पायने (π, म्हणजे ३.१४) भागलं की तेज मिळतं: दर चौरस मिलिमीटरला जेमतेम ८ कॅन्डेला. याउलट २ चौरस मिलिमीटरची छोटी, सपाट एलईडी चिप घ्या. तिच्यातून १००० ल्युमेनच निघतात, पण तेज येतं सुमारे १६० कॅन्डेला, म्हणजे वीसपट. दोघांपुढे ७५ मिलिमीटर व्यासाचं एकच भिंग ठेवलं (क्षेत्रफळ सुमारे ४४०० चौरस मिलिमीटर) आणि काचेत थोडा उजेड वाया गेला असं धरलं, तर शंभर वॅटवाला ३०,००० कॅन्डेला देतो आणि पंधरा-अठरा वॅटची बारकी चिप साडेपाच लाखांच्या आसपास.

५०० मीटरवर याचा अर्थ काय? कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागायचं. मोठ्या एलईडीचा उजेड तिथे ०.१२ लक्स (पडलेला उजेड मोजायचं माप) पडतो, बारक्या चिपचा २ लक्सच्या वर. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्सचं असतं, म्हणजे पहिला चांदण्याच्याही निम्मा आणि दुसरा आठपट. शिवाय मोठ्याचा झोत तिथे सव्वाशे-दीडशे मीटर रुंद पसरलेला असेल. अख्खी खाडी अंधुक उजळेल, होडी काही दिसणार नाही.

विकतच्या टॉर्चच्या पाकिटावर "१५०० मीटर" वगैरे लिहिलेलं असतं, तेही याच पाव लक्सवर काढलेलं असतं. म्हणजे तेवढ्या अंतरावर चांदण्याएवढा उजेड पडतो, आणि तोही तिथून परत तुमच्या डोळ्यापर्यंत यायचा असतो. पाकिटावरच्या आकड्याचा तिसरा भाग धरा, फसगत होणार नाही.

हे काही नवीन शास्त्र नव्हे. आपल्या किनाऱ्यावरची दीपगृहं याच तत्त्वावर चालत आली. खांदेरीचं दीपगृह १८६७ सालचं. त्या काळी दीपगृहात वातीचा दिवा असे, त्याचं तेज आजच्या चिपपुढे काहीच नाही. म्हणून ती कसर काचेने भरून काढत. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात कड्याकड्यांचं हलकं भिंग काढलं ते याच गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधायला जे ६० इंची सर्चलाइट होते, त्यांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये दीडशे अँपिअरचा जाळ पेटवत. गंमत म्हणजे साध्या कार्बनच्या जाळाचं दर चौरस मिलिमीटरचं तेज आणि आजच्या चांगल्या चिपचं तेज जवळपास सारखंच आहे (त्यांच्या खास कांड्या मात्र कितीतरी पुढे होत्या). त्यांचा आरसाच मुळात तुमच्या ७५ मिलिमीटरच्या भिंगापेक्षा चारशे पट मोठा होता.

तर आता बनवायचं कसं.

चिप घेताना वर घुमट नसलेली, सपाट तोंडाची घ्या. घुमटवाली ल्युमेन जास्त देते, पण त्या घुमटातून चिप मोठी दिसते आणि तेज जवळजवळ निम्म्यावर येतं. ती तांब्याच्या पट्टीवर बसवलेली मिळते, तशीच मागवा, ॲल्युमिनियमच्या पट्टीवरची नको. दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते, आणि एवढ्याशा ठिपक्यातून ती बाहेर काढणं हे या कामातलं खरं कठीण काम. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा पंख्यासकट हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) भंगारात मिळतो, तो पुरेसा होतो. मध्ये थर्मल पेस्ट लावा, पण अगदी पातळ.

भिंग फुगीर, एका बाजूने सपाट, ७५ मिलिमीटर व्यासाचं आणि साधारण तेवढ्याच नाभीय अंतराचं घ्या. जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचं किंवा फोटो धुण्याच्या एन्लार्जरचं कंडेन्सर भिंगही चालतं. घरासाठी नळकामाच्या दुकानात जा. आपल्याकडे पीव्हीसी पाइपाचं माप बाहेरून धरतात, त्यामुळे ७५ च्या पाइपाचं कपलिंग घेतलं की ७५ चं भिंग त्यात बरोबर बसतं आणि आतल्या पाइपाच्या कडेवर टेकतं. कडेने सिलिकॉन भरा. पाइप आतून काळ्या मॅट रंगाने रंगवा, नाहीतर बाजूचा उजेड भिंतींवर आपटून झोताभोवती पांढुरकं वलय तयार होतं. हीट सिंक पाइपाच्या मागे, पूर्ण उघड्यावर राहिला पाहिजे. पीव्हीसी तापला की मऊ पडतो आणि चिप जागची हलते.

इथे एक गोष्ट खटकेल. चिपचा जेमतेम पाचवा हिस्सा उजेड भिंगात शिरतो, बाकीचा काळ्या पाइपात मरतो. मरू द्या. तो बाजूला जाणारा उजेड होता, होडीपर्यंत कधीच गेला नसता. खोल रिफ्लेक्टर वापरला तर तो उजेड जवळच्या पाण्यावर पडतो, आणि जवळचं पाणी चमकलं की लांबची होडी डोळ्याला दिसत नाही.

वीज देताना चिपला थेट बॅटरी लावायची नाही. तिला तीन-साडेतीन व्होल्ट लागतात आणि करंट ठरावीक राहिला पाहिजे, म्हणून १२ व्होल्टवरून उतरवणारा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या. सुरुवातीला दोन अँपिअरवर ठेवा, हीट सिंकला हात लावून बघा, मग चार-पाचपर्यंत वाढवा. बॅटरी म्हणून हापूसच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची चालते, बहुतेकांच्या घरात असतेच. यूपीएसची ७ अँपिअर-अवरची लेड बॅटरी असेल तर तिची निम्मीच ताकद वापरायची धरा. वीस वॅटला दोन तास सहज मिळतात, आणि तुम्ही काही रात्रभर लावून बसणार नाही. बॅटरीच्या प्लसलाच, पहिल्या वीतभरात, फ्यूज घाला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल फोडून वापरू नका. खारी हवा लागलेले आणि कोणी कधी चार्ज केलेत ते माहीत नसलेले लिथियमचे सेल घरात नकोतच.

फोकस रात्रीच करायचा, आणि समोरच्या भिंतीवर नाही. निदान शंभर मीटरवरचं काहीतरी बघा. भिंग पुढेमागे करत चिपची चौकोनी आकृती तिथे काठासकट स्पष्ट उमटली की पाइप तिथेच पक्का करा. बरोबर बसला तर ५०० मीटरवर साधारण ९ मीटरचा चौकोन पडतो, तुमच्या होडीला पुरेसा. हात एक अंश हलला तरी झोत तिथे तेवढाच, जवळजवळ ९ मीटर सरकतो. म्हणजे हातात धरून भागणार नाही, पडवीच्या खांबाला फिरतं क्लँप हवंच. भरती-ओहोटीला होडीही नांगरावर फिरत असते. शेजारी ७ बाय ५० ची (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण ठेवलीत तर सर्चलाइट आणखी मोठा करण्यापेक्षा जास्त फायदा होईल.

दिवसा भिंगावर टोपी हवीच. त्यातून आत आलेलं ऊन नेमकं चिपवर एकवटतं आणि चिप जाळतं. वाकडं आलं तर पाइपाला किंवा मागच्या पडद्याला आग लागू शकते.

आता तुम्हाला चार लोक चार गोष्टी सुचवतील. डिश अँटेनावर आरशाचे तुकडे चिकटवून रिफ्लेक्टर करा, असं कोणीतरी सांगेलच. त्यावर चहा उकळेल, झोत नाही मिळणार. आरशाचा तुकडा अर्धा अंश वाकडा बसला तर किरण पूर्ण एक अंश भरकटतो, आणि तुमचा सगळा झोतच जेमतेम एक अंशाचा आहे. गाडीचा एचआयडी (वायूतल्या ठिणगीवर चालणारा) दिवा वाईट नाही, पण त्याचा ड्रायव्हर पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर ठिणगी देतो, ओल्या अंगणात ते खेळ नकोत. थिएटरच्या प्रोजेक्टरमधला जुना झेनॉन दिवा मिळाला तर हातही लावू नका. तो थंड असतानाही आत दाबाखाली असतो आणि फुटला तर काच अंगात शिरते. निळ्या लेझरचं नाव काढू नका.

पावसाळ्यात मात्र कुठलाही सर्चलाइट हरतो. थेंबांवरून उजेड परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पिवळा उजेड धुकं कापतो हे मी बंदरात कायम ऐकतो; धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगांपेक्षा इतके मोठे असतात की रंगाने फरक पडत नाही. फरक पडतो तो दिवा आणि डोळा यांच्यातल्या अंतराने. दिवा पडवीच्या एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून बघा. खाऱ्या वाऱ्यासाठी स्क्रू स्टेनलेसचे, जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि पाइपात सिलिका जेलची पुडी.

कायद्याचंही सांगतो, कारण आपल्या किनाऱ्यावर हा विषय तापलेला आहे. हा दिवा घरी ठेवा, होडीवर नेऊ नका. दिव्याने मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली सुधारणा होऊन दंड लाखांत गेले. होडीवर मोठा एलईडी, बॅटरी, ड्रायव्हर दिसले की "चोर बघायला ठेवलाय" हे कोणाला पटणार? पारंपरिक मच्छीमार आधी तुमच्याकडे संशयाने बघतील, मत्स्य खातं नंतर. दुसऱ्या बोटीच्या सुकाणूवर झोत मारायचा नाही. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धोक्याच्या दिशेने झोत दाखवायची मुभा आहे, पण दुसऱ्या जहाजाला अडचण होईल असा नाही. विमानावर तर कधीच नाही. वाळूच्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात तो फिरवू नका, कासवाची पिल्लं उजेड बघून समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतात. आणि सागरी पोलीस ठाण्यात एकदा सांगून ठेवा, किनाऱ्यावरून रात्री समुद्राकडे झोत फिरताना दिसला की चौकशीला येणं हे त्यांचं कामच आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी शंभर-दोनशे रुपयांची रेडियमची पट्टी आणा. होडीच्या दोन्ही अंगांना, कडेच्या खाली, सलग लावा. ही पट्टी उजेड आला तिकडेच परत पाठवते, त्यामुळे साधा चांगला टॉर्च डोळ्याजवळ धरून मारला तरी ती लांबून चमकते. होडी जागेवर आहे का, फिरली का, हे त्यावरून कळतं. मधेच पट्टीचा एखादा तुकडा दिसेनासा झाला, तर तिथे कोणीतरी उभं आहे. मग सर्चलाइट लावा.