बीळ एक, बाप किती?

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

जर्बिल या उंदरांच्या पिल्लांचा बाप डीएनएवरून शोधण्याचा तुझा आराखडा वाचला. एका बिळात नर-मादी सापडली की तू लगेच 'जोडपे' लिहितेस. तो शब्द खोड. सोबत राहणे वेगळे आणि पिल्लांचा बाप असणे वेगळे. अमेरिकेतल्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याची जोडी घट्ट असते, तरी त्यांच्यात परक्या नराची पिल्ले निघतात. पेरोमिस्कस कॅलिफोर्निकस या उंदराची एकनिष्ठा मात्र 1991 साली डीएनए ठशांनी खरी ठरवली. तापीकाठच्या जर्बिलबद्दल आधीच मत बनवू नकोस.

काम बिघडते ते प्रयोगशाळेच्या आधी, बांधावरच. न पकडलेला प्रत्येक नर म्हणजे बिनबापाची पिल्ले. म्हणून दर 10 मीटरवर सापळा लाव आणि नवे नर येणे थांबेपर्यंत सलग रात्री पकड. आमिष बाजरी-शेंगदाण्याचे. सूर्य उगवायच्या आत सापळे तपास. पत्रा तापला की आतला जीव गेलाच. भुसावळकडचा मे महिना तर नकोच, थंडीतच काम उरक. प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी त्याआधी हवी, हे वेगळे सांगायला नको.

कानाचा 2 मिलिमीटरचा तुकडा पुरतो. तो अ‍ॅब्सोल्युट अल्कोहोलमध्ये, घट्ट झाकणाच्या नळीत ठेव. क्रमांक पेन्सिलीने कागदावर लिहून आत टाक. पेनाची शाई अल्कोहोलने पुसते. दर प्राण्यानंतर कान कापायचा पंच स्वच्छ कर.

गाभण मादी पिंजऱ्यात विऊ दे, नमुने घेऊन पिल्लांसकट तिच्याच बिळापाशी सोड. आई पक्की असली की निम्मे कोडे सुटते. शिवाय नल अलील तिथेच पकडले जातात. अलील म्हणजे डीएनएवरच्या एका स्थानाचे एक रूप; नल म्हणजे चाचणीत न दिसणारे. जवळच्या जातीसाठी बनवलेले प्रायमर (डीएनएचा हवा तो तुकडा पकडणारे) वापरलेस तर ते निघणारच. समज, खऱ्या बापाकडे 160 (हा तुकड्याच्या लांबीचा आकडा) आणि एक न दिसणारे अलील आहे. तो 160/160 वाचला जातो. पिल्लाला आईकडून 152 आणि त्याच्याकडून ते न दिसणारे मिळाले, तर पिल्लू 152/152 दिसते आणि खरा बाप बाद होतो! आई-पिल्लांतही अशीच विसंगती वारंवार दिसली तर ते स्थान काढून टाक. वीस-पंचवीस मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे छोटा क्रम पुन्हापुन्हा येणारी डीएनएवरची स्थाने, तपासलीस, तर दहा-बारा कामाची उरतील. दहातला एक नमुना पुन्हा चालव.

एका वेतातल्या पिल्लांतून आईची अलील वजा कर. बापाकडची दोनाहून अधिक उरली तर किमान दोन बाप. पण एकाच स्थानावर तसे दिसले तर ते उत्परिवर्तन किंवा वाचनातली चूक असू शकते. दोन स्थानांचा आग्रह धर. शेजारचे नर सख्खे भाऊ निघाले तर दहा स्थानेही अपुरी पडतील, तेव्हा आणखी जोड.

सर्व्हस, म्हणजे बाप ठरवायला वापरायचे सॉफ्टवेअर, तू किती टक्के नर पकडलेस ते विचारते. तिथे आकडा फुगवू नकोस. फुगवलास तर चुकीच्या बापावरही ते 95 टक्के खात्रीचा शिक्का मारेल.